ट्रंकेतली मोडी आणि मुलीचं इंजिनिअरिंग

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी मुंबईतच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राजापूरकडचं घर रिकामं करताना मोडी लिपीतल्या जुन्या कागदांची एक ट्रंक तुम्ही गिरगावात आणलीत, आणि तेव्हापासून तिचं अभ्यासातलं लक्ष उडालंय. आता ती म्हणते, इंजिनिअरिंग सोडून इतिहासाला जाते. तुम्ही विचारता, ‘जुन्या कागदांवर पोट भरतं का?’

नुसत्या कागदांवर भरणं कठीण. पण इंजिनिअरिंग मात्र सोडू देऊ नका. ज्या कामाची तिला ओढ लागलीय, त्यालाच ते लागणार आहे: असे कागद कॉम्प्युटरला वाचायला शिकवायचे, तर मोडी आणि प्रोग्रामिंग दोन्ही यायला हवं.

मोडीत आधी ओळभर लांब रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, बोरू शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही. छापील मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर मोकळी जागा बघून शब्द सुटे करतं. इथे त्याचं पहिल्याच पायरीवर अडतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास नाही. ‘राजमान्य राजश्री’चं नुसतं ‘रा. रा.’. जुन्या कागदांत सन बहुधा शुहूर (तेव्हाची एक वेगळी कालगणना), तोही अरबी संख्याशब्दांत: सलास म्हणजे 3, खमस म्हणजे 5. सनाच्या पूर्ण आकड्यात 599 किंवा 600 मिळवायचे, तेव्हा कुठे इसवी सन हाती लागतो. हे ठाऊक नसलेला प्रोग्रामर कितीही हुशार असो, मशीनने चुकीचं वाचलंय हे त्याच्या लक्षातच येणार नाही. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली तीच 2014 मध्ये. म्हणजे करण्यासारखं भरपूर पडलंय.

तेव्हा या सुट्टीत तिने आधी मोडी शिकावी. राज्याचं पुराभिलेख संचालनालय फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. ते मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरवतं, पुढचा कधी आहे ते तिथेच जाऊन विचारा. मग ट्रंकेतल्या 200 ओळी तिने स्वतः देवनागरीत उतरवाव्यात आणि जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. कंटाळवाणं काम आहे. (इतिहासाची खरी आवड आहे की अभ्यासाचा कंटाळा, तेही यातच कळेल.) पण मशीनला शिकवायला अशाच तपासलेल्या ओळी लागतात. इमेज प्रोसेसिंग आणि मशीन लर्निंग तिच्या अभ्यासक्रमात येईलच. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यावरच करावा: मशीनने वाचलेली ओळ तिच्या ओळीशी ताडायची आणि शंभर अक्षरांत किती चुकली ते मोजायचं. 200 ओळींत मशीन पंडित होणार नाही, पण कुठे आणि का चुकतं ते तिला सांगता येईल. मुलाखतीत मला तरी तेच ऐकायला आवडेल.

मोडीच हवी असंही नाही. बोरिवलीच्या कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, त्यांत झिजलेले ब्राह्मी शिलालेख आहेत. कॅमेरा एका जागी ठेवून प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून टाकत फोटो काढले आणि ते कॉम्प्युटरवर एकत्र केले, की नुसत्या डोळ्यांना न दिसणारी खोदणी उठून दिसते. संग्रहालयांच्या नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ‘जतन’ नावाचं सॉफ्टवेअर केलंय.

आता पैशांचं. या क्षेत्रात कायमच्या नोकऱ्या थोड्या. बरंचसं काम प्रकल्पापुरतं, कंत्राटावर, आणि पगार आयटीपेक्षा कमी. म्हणूनच डिग्री हातात हवी. वर्ष-दोन वर्षं आयटीत काढून, शनिवार-रविवार हे करून मग एम.ए. किंवा परदेशी शिक्षणाचा विचार केला तरी काही बिघडत नाही. तिला हे सपक वाटेल. वाटू दे.

आणि ट्रंक माळ्यावर असेल तर पावसाच्या आधी खाली काढा. कागदांना कसर लागली असेल तर मऊ ब्रशने हलकेच झाडा. घड्या जबरदस्तीने उलगडू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही. मोबाइलवर फोटो काढताना प्रत्येक कागदाशेजारी एक पट्टी ठेवायला सांगा, म्हणजे माप कळतं. पाठकोरी बाजूही सोडू नका.