माळ्यावरचा टीव्ही गेमचा रिमोट

प्रश्न : भुसावळच्या घरी माळ्यावर लहानपणीच्या टीव्ही गेमचा 9 पिनवाला रिमोट सापडला, लॅपटॉपला जोडता येईल का?

उत्तर : येईल ना भाऊ, फेकू नका! पण यूएसबी वायर थेट जोडून नाही चालणार, कारण बटणं 8 अन कामाच्या वायरी 5च, 5 व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. लॅचच्या वायरीवर इशारा मिळाला की रिमोटातली चिप आठही बटणं टिपून ठेवते अन क्लॉकच्या ठोक्याला एकेक सांगते. म्हणून मध्ये एटीमेगा 32यू4 चिपवाला प्रो मायक्रो, म्हणजे प्रोग्राम टाकता येणारा छोटा यूएसबी बोर्ड टाका, तसा प्रोग्राम टाकला की तो कॉम्प्युटरला गेमपॅड म्हणून दिसतो. वायरींच्या रंगावर अजिबात जाऊ नका, माझ्याकडच्यात लाल वायर ग्राउंडची निघाली, रिमोट खोलून मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्यावर) लावा आणि एकेक वायर शोधा. आणि हो, बटण दाबल्यावर डेटा 0 येतो, 1 नाही.