ब्रेस्ट इम्प्लांटची साईज ठरवताना कप नाही, छातीची रुंदी बघ

अगं, आधी ते सी कप डी कप डोक्यातून काढ, प्रत्येक ब्रँडचा कप वेगळा असतो आणि इम्प्लांट सीसीमध्ये, म्हणजे मिलिलिटरमध्ये मोजतात. तेच ३०० सीसी बारीक छातीवर भरपूर दिसतं आणि रुंद छातीवर कळतही नाही, म्हणून मैत्रिणीचा आकडा विचारून काहीच उपयोग नाही. सर्जन छातीची रुंदी मोजतो का, कातडी चिमटीत धरून जाडी, ताण बघतो का ते बघ, नुसतं "किती हवंय?" विचारणारा असेल तर सरळ दुसरं ओपिनियन घे. इम्प्लांटची रुंदी तुझ्या छातीच्या मापाची हवी, मग पुढे किती येणार ते प्रोफाइलवर, म्हणजे इम्प्लांटच्या उंचवट्यावर ठरतं, लो, मॉडरेट की हाय. सायझर, म्हणजे ट्रायलसाठीचं नमुन्याचं इम्प्लांट, ब्रामध्ये घालून वर अंगाबरोबरचा टीशर्ट घाल, जरा चाल, वाक, आरशात बाजूने बघ. फोटो दाखवायचे तर तुझ्यासारख्याच बांध्याच्या बायकांचे, मॉडेलचे नकोत. आणि मोठं घेण्याआधी दहादा विचार कर, वजनाने टिश्यू ताणतो, पातळ होतो, कडेला सुरकुत्या दिसू शकतात, शिवाय इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढेमागे बदलावं लागू शकतं हेही विचारून घे. सुरुवातीला सूज असते, वर चढल्यासारखं वाटतं, खरा आकार यायला काही महिने जातात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात रडत बसू नकोस.