सोनं गहाण ठेवून ‘चार्टर्ड’ व्हावं का?

प्रश्न असा आहे. वाचक बेळगावच्या वडगावातले, वय ३२, व्हीटीयू या कर्नाटकातल्या तंत्र विद्यापीठाचे सिव्हिल बीई. नऊ वर्षं ठेकेदारांकडे बिलिंग, म्हणजे झालेल्या कामाची बिलं काढणं, केलंय, सध्या हायवेच्या कामावर आहेत. पगार हातात ५२,०००, पत्नीला खाजगी शाळेत १८,०००. घरखर्च ३८,०००, मच्छेच्या प्लॉटचा हप्ता १३,५००, बँकेत शिल्लक १,२०,०००. घरी आईवडील आणि एक मूल. एमआरआयसीएस, म्हणजे लंडनच्या आरआयसीएस संस्थेची चार्टर्ड सर्व्हेयर (इथे, बांधकामाची मोजमापं, खर्च आणि करार सांभाळणारा तज्ज्ञ) ही सदस्यता, मिळवून दुबई किंवा मस्कतला जायचं आहे. एक क्लास १,८५,००० रुपयांत ‘नोंदणीपासून पासपर्यंत’ सगळं करून देतो म्हणतोय. पत्नीचं सोनं ठेवून २ लाख उचलावेत का? आणि इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं ‘चार्टर्ड इंजिनिअर’ त्याऐवजी चालेल का?

सोनं ठेवू नका. एमआरआयसीएस मात्र कराच, कारण तुमच्या वयाला आणि कामाला ते शोभतं. फक्त पैसा टप्प्याटप्प्याने आणि स्वतःच्या हाताने भरा.

आधी हिशोब. ७०,००० मधून घरखर्च आणि हप्ता वजा जाता महिन्याला १८,५०० उरतात, वर्षाचे २,२२,०००. सोन्यावर २ लाख १०.५ टक्क्यांनी घेतले आणि वर्षाअखेर एकदम फेडले तर २,२१,००० द्यावे लागतील. म्हणजे घराची वर्षभराची सगळी बचत त्या एका कर्जात जाईल. त्या वर्षात वडिलांचं ऑपरेशन निघालं किंवा ठेकेदाराने दोन महिने पगार थकवला, तर सोनं सुटणार नाही, मुदतवाढीवर व्याज चढत राहील. साइटवरच्या पगाराचा नेम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता मुख्य मुद्दा. एमआरआयसीएसमध्ये फी हा सोपा भाग आहे. अवघड आहे तो अनुभवाचा पुरावा, आणि तो कुठलाही क्लास विकू शकत नाही. संस्थेच्या एपीसी या मूल्यमापनात प्रत्येक विषयाच्या तीन पातळ्या असतात: पहिलीत माहिती, दुसरीत प्रत्यक्ष केलेलं काम, तिसरीत कारणांसह दिलेला सल्ला. एमबी (मोजमाप वही) लिहिणं, आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) काढणं, एसआरवरून (सरकारी दरसूचीवरून) एक्स्ट्रा आयटेमचा (करारात नसलेल्या कामाचा) दर पाडणं ही बहुतेक दुसरी पातळी झाली. पाण्याची लाइन हलवायला उशीर झाला, म्हणून क्लेम करायचा का, नोटीस कधी द्यायची, मुदतवाढ किती आणि पैसे किती मागायचे, हे तुम्ही लेखी मांडलं आणि साहेबांनी त्यावर निर्णय घेतला, तर ती तिसरी. फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या नमुना करारात क्लेमची नोटीस घटना कळल्यापासून २८ दिवसांत द्यावी लागते. ती तारीख पाळण्यात तुमचा हात होता, हे दाखवणारी दोन-तीन पत्रं क्लासच्या सगळ्या नोट्सपेक्षा मोलाची आहेत.

तुमच्या बाबतीत एक अडचण दिसते. हायवेचं काम ईपीसी ठेक्यावर (डिझाइनपासून बांधकामापर्यंत सगळं एका ठेकेदाराकडे, ठरलेल्या रकमेत) असेल तर बिल करारातल्या शेड्यूल एच या तक्त्याच्या टक्क्यांवर निघतं, मोजमापावर नाही. मग परिमाण काढण्याचा आणि दर ठरवण्याचा अनुभव कागदावर तोकडा पडतो. आधीच्या नोकरीत इमारतीचं आयटेम रेटचं (मोजमाप गुणिले दर असं बिल निघणारं) काम केलं असेल तर त्याची बिलं, रेट अ‍ॅनालिसिस आणि पत्रव्यवहाराच्या नोंदी आजच गोळा करा. नसेल तर फी भरण्याआधी नोकरी बदला. पुणे किंवा बेंगळुरूच्या कॉस्ट कन्सल्टन्सीत (बांधकामखर्चाचा सल्ला देणाऱ्या कंपनीत) किंवा पीएमसीत (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार कंपनीत) सुरुवातीला पगार थोडाच वाढेल आणि भाड्यात तेवढाच जाईल, तरीही ती दोन वर्षं फायद्याची. आखातात हे पद मोलाचं ठरतं ते कन्सल्टंट आणि मालकाच्या बाजूच्या नोकरीत. ठेकेदाराकडचा बिलिंग इंजिनिअर त्याशिवायही लागतो.

ज्यांची पदवी आरआयसीएसच्या मान्यता यादीत नाही, त्यांची कागदपत्रं आधी प्राथमिक छाननीत उत्तीर्ण व्हावी लागतात. तुमचं कॉलेज आणि वर्ष त्या यादीत स्वतः तपासा, क्लासवाल्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका. शिवाय एक चार्टर्ड सदस्य काउन्सेलर म्हणून लागतो, जो तुमच्या नोंदी तपासून सही करतो. पुण्या-बेंगळुरूचा चालेल, भेटी ऑनलाइन होतात. पण तो मिळेपर्यंत एक रुपयाही भरू नका. ३,००० शब्दांची केस स्टडी गेल्या २४ महिन्यांत तुम्ही ज्यावर काम केलं त्या प्रकल्पावर लिहायची असते, आणि मालकाची माहिती वापरायला लेखी परवानगी घ्यावी लागते. शेवटी एक तासाची मुलाखत, सुरुवातीची दहा मिनिटं तुमच्या सादरीकरणाची.

लोक अडकतात ते ठरलेल्या जागी. केस स्टडीत अख्ख्या प्रकल्पाचं वर्णन करतात, हवे असतात एक-दोन अवघड प्रश्न आणि त्यांवर तपासलेले पर्याय. ‘आम्ही केलं’ असं लिहितात. परीक्षकाला ‘मी काय केलं’ ते हवं असतं. आणि नीतिनियमांच्या प्रश्नाला गृहीत धरतात. उपठेकेदाराने दिवाळीला पाकीट दिलं तर काय कराल, याचं उत्तर चुकलं तर बाकीचं सगळं चांगलं असूनही पुन्हा बसावं लागतं. क्लास जर तुमचं लिखाण ‘तयार करून’ देणार असेल तर तो धोका इथेच आहे: दुसऱ्याने लिहिलेल्या कामावर मुलाखतीचा तास काढता येत नाही, आणि पकडलं गेल्यास सदस्यतेची वाटच बंद होऊ शकते. क्लासकडून घ्यायचंच तर सराव मुलाखतीचे चार-सहा तास घ्या, तेवढ्याचेच पैसे द्या.

पैशाची मांडणी अशी. पहिले सहा महिने १२,००० राखीव निधीत, ६,५०० वेगळ्या फी-खात्यात. सहा महिन्यांनी राखीव १,९२,०००, फी-खात्यात ३९,०००. पुढचे सहा महिने उलट करा: वर्षाअखेर फीसाठी १,११,००० आणि राखीव २,३१,०००, म्हणजे साडेचार महिन्यांचा खर्च. हा निधी बँकेतच ठेवा. सोसायटीत किंवा भिशीत अर्धा टक्का जास्त मिळेल, पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, क्रेडिट सोसायटीला ते नाही. आईवडील आणि मूल तुमच्यावर आहेत, तेव्हा टर्म इन्शुरन्स नसेल तर त्याचा हप्ता फीच्याही आधी भरा.

फी देशागणिक आणि वर्षागणिक बदलते, म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यातूनच रक्कम पाहा आणि तिथेच भरा. पौंडात भरावी लागली तर कार्डाचा परकीय चलन अधिभार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. दुसऱ्या प्रयत्नाची फी बाजूला ठेवा, आणि वार्षिक वर्गणी कायमची आहे हे विसरू नका. पगारदाराला या खर्चावर करसवलत मिळेल असं गृहीत धरू नका.

परदेशासाठी कागदांचा खर्च वेगळा. दुबईला पदवीवर राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि एम्बसी असे शिक्के लागतात, ओमानला अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचं, सदस्य देशांत चालणारं प्रमाणीकरण) चालतं. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा: एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर इनिशियल, पासपोर्टवर पूर्ण नाव. विवाहाचा दाखला फक्त कानडीत असेल तर भाषांतरही लागेल. ही दुरुस्ती आत्ताच सुरू करा, महिने जातात.

आईवडिलांमुळे बेळगाव सोडणं जमणारच नसेल, तर एमआरआयसीएसवरचा खर्च इथे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. मग जमीन-इमारतीचे नोंदणीकृत मूल्यांकनकार व्हा. सिव्हिलची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव पुरतो, ५० तासांचा अभ्यासक्रम, आणि ६० टक्क्यांना उत्तीर्ण होणारी परीक्षा. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हेही नाव सारखंच असल्याने तुम्ही विचारलंय. ते देशात दाखले देण्यासाठी उपयोगी आहे. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कारखानदार जुनं मशीन आयात करतो तेव्हा त्याला तसाच दाखला लागतो. पण दुबईच्या कॉस्ट कन्सल्टंटला ते एमआरआयसीएसच्या जागी चालत नाही.

या महिन्यात दोनच कामं करा: काउन्सेलर शोधा, आणि गेल्या दोन वर्षांतली स्वतःच्या सल्ल्याची पत्रं एका फाइलला लावा. पत्रं पाचदेखील भरली नाहीत, तर नोंदणी पुढे ढकला आणि नोकरीचे अर्ज सुरू करा.