एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या) रुग्णाला न्यूरोलॉजिस्ट नियमित बघत असताना वेगळी नर्स कशाला हवी? आणि ती शोधायची कशी?

हवीच. "नर्सचं काय एवढं, इंजेक्शन द्यायला असते ती" हे आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की प्रश्न वाचून गप्प बसवेना.

एमएस माझ्या बायकोला आहे. एका रात्री तिचे पाय लाकडासारखे ताठले, कुशीवर वळता येईना. मेहुण्यांनी ठरवूनच टाकलं की हा रिलॅप्स, म्हणजे आजाराने पुन्हा उचल खाल्ली, दाखल करा, स्टेरॉइड सुरू करा. ड्युटीवरच्या डॉक्टरांचंही तेच मत. मी एमएसच्या सिस्टरना फोन लावला. त्यांनी पायांच्या आधी लघवीचं विचारलं. जळजळ आहे का? वास येतो का? ताप? आणि हा त्रास नवा, की जुनाच वाढलाय? म्हणाल्या, "आधी लघवी तपासा, स्टेरॉइडचं नंतर बघू."

संसर्गच निघाला. ताप-संसर्गात मायलिन (नसांवरचं आवरण) गेलेल्या नसांमधून संदेश आणखी अडखळतात आणि जुनी लक्षणं उफाळून येतात. तो खरा रिलॅप्स नसतो. तशात स्टेरॉइड दिलं तर संसर्ग बळावायची भीती. अँटिबायोटिकनेच पाय सैल झाले.

संसर्ग परत परत का होतो, याचाही छडा सिस्टरनीच लावला. लघवी करून आल्या आल्या ओटीपोटावर स्कॅनर ठेवला, तर आत १०० मिलीच्या वर उरलेली. मग हिला कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, स्वतः घालायला शिकवलं. हात धुवायचे, आरसा समोर धरायचा, लघवी येईपर्यंत नळी अलगद सरकवायची, अडली तर जोर करायचा नाही. बायको रडायला लागली. सिस्टर तिच्या शेजारी बसून राहिल्या आणि ती शांत झाल्यावर आरसा पुन्हा तिच्याच हातात दिला. एमआरआय बघून औषध ठरवणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे यासाठी वेळ नसतो, आणि तशी अपेक्षाही करू नये.

शोधायची कशी? न्यूरोलॉजी विभागात सरळ विचारा. असं पद नसलं तरी इन्फ्युजन (शिरेतून औषध) देणाऱ्या सिस्टरांपैकी कुणीतरी एमएसचेच रुग्ण वर्षानुवर्षं बघत असते. तिला विचारा, बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) एकदम बंद केलं तर? "फिटचे झटके येऊ शकतात, हळूहळूच कमी करायचं" असं चटकन म्हणाली, तर तिचा नंबर घेऊन ठेवा.

हां, एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, किंवा ताप-संसर्ग नसताना नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांनाच गाठा. संसर्गासोबत खरा रिलॅप्सही असू शकतो. औषध बदलायचा निर्णयही डॉक्टरांचाच.

मेहुणे अजून म्हणतात, डॉक्टरांनाही शेवटी कळलंच असतं. कळलं असतं, पण स्टेरॉइडची सलाईन लावून झाल्यावर. तुमच्या घरात असं बोलणारं कुणी असेल, तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांच्या आधी सिस्टरच्या खोलीत बसवा.