पहिला डीएसएलआर घ्यायचाय, बजेट ३० हजार. अजिंठा-वेरूळ आणि जायकवाडीचे पक्षी काढायचेत. काय घेऊ?

नव्या बॉडीचा (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा) हट्ट सोडा. संभाजीनगरात नीट शोधलं तर वापरलेली निकॉन डी५३०० किंवा कॅनन २००डी मिळून जाईल. दोन्ही २४ मेगापिक्सेल, शिकायला भरपूर. वाचलेला पैसा लेन्सवर घाला.

अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी, आणि आत मिट्ट अंधार. किटची, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ एमएम झूम लेन्स ३५ एमएमला जेमतेम एफ/४.५ एवढीच उघडते (एफचा आकडा लहान, तेवढी लेन्स जास्त उघडी). ३५ एमएम एफ/१.८ तिच्या सहापट उजेड आत घेते. म्हणून किटनंतर पहिली खरेदी हीच. वेरूळचं कैलास उघड्यावर आहे, तिथं किट लेन्सच १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद, ठेवून काढा.

निकॉन घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा: डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वतःची मोटर नसलेली 'एएफ-डी' लेन्स स्वस्त दिसते, पण या बॉड्यांवर फोकस हातानेच करावा लागतो. नावात 'एएफ-एस' (लेन्सच्या आतच मोटर) बघूनच पैसे द्या. दुकानदार आपण होऊन सांगेलच असं नाही.

जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स तिथंच ठेवून या. बॉडीचा शटर काउंट, म्हणजे तिनं आजवर किती फोटो काढले तो आकडाही विचारा.

पक्ष्यांसाठी लांबचं जवळ आणणारी कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ७०-३०० लेन्स चालेल, पण ती सगळ्यात शेवटी. फ्लेमिंगो काठापासून लांबच असतात, त्यामुळे ३०० एमएमलाही ते ठिपक्याएवढेच येतील.