लंगर नव्हे, नांगर!

प्रश्न असा आहे: इजिप्तमधल्या वादी अल-जर्फ या प्राचीन बंदरावरच्या एका मराठी लेखात 'दगडी लंगर सापडले' असं छापलंय. लंगर बरोबर की नांगर? आणि शेतातला नांगर समुद्रात गेला कसा?

नांगर. आपण 'जहाज नांगरलं', 'नांगर उचलला' असंच म्हणतो. मराठीत लंगर म्हटलं की गुरुद्वारातली पंगत आठवते. हिंदी मजकूर समोर ठेवून घाईने मराठी केलं की असले लंगर उगवतात, आणि हे सारखं वाचावं लागतं याचा मला मनस्वी राग येतो.

पण दुसरा प्रश्न फार सुंदर आहे. हे मुळात दोन शब्द आहेत! शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आला. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या शेतीच्या सूक्तात तो आहे. जहाजाचा नांगर म्हणजे फारसी 'लंगर'. दोन्हीकडे सुरुवातीच्या ल चा न झाला, जसं ललाटाचं निढळ झालं.

'फाळासारखा तळात रुततो म्हणून नांगर' ही व्युत्पत्ती मी भल्या भल्या जाणकारांकडून ऐकली आहे. मला ती साफ अमान्य आहे. रुतण्याचा संबंध काय? वादी अल-जर्फचेच नांगर बघा. सुएझच्या आखाताकाठी, खुफू राजाच्या काळात, म्हणजे सुमारे ४६०० वर्षांपूर्वी हे बंदर चालत होतं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूने २०११पासून तिथे उत्खनन केलं आणि शंभराच्या आसपास नांगर मिळाले. चुनखडीचा घडीव दगड, वरच्या टोकाला दोर ओवायला भोक, बस्स. फाळ नाही, आकडा नाही. होडी धरायची ती नुसत्या वजनावर. तरी आपण त्याला नांगरच म्हणतो ना?

माझं मत असं: लंगरचा नांगर कोकणात झाला असणार. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि भातखाचरात नांगर धरायचा. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्र. कित्येक घरांत दोन्ही कामं त्याच हातांची. अशा माणसाच्या कानावर फारसी लंगर पडला, तेव्हा जिभेवर नांगर तयारच होता. रूपकाची गरजच पडली नाही. 'नांगरणे' हे क्रियापदसुद्धा त्याने तसंच उचललं, म्हणून आपल्याकडे शेतही नांगरतात आणि गलबतही.