वाचकांचे प्रश्न : वर्गणी संपल्यानंतरची सावड

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा असून दहावीत आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात शिकवणीहून मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून येताना दुधाच्या टेंपोने धडक दिली. डोक्याला मार लागून तो पाच दिवस बेशुद्ध होता; उजव्या मांडीचे हाड मोडले, त्यात रॉड टाकला. मित्राला फक्त खरचटले. त्याच्याकडे परवाना नव्हता, आणि तेव्हापासून तो आमच्या घरी फिरकलेला नाही. तरुण मंडळाने घरोघर फिरून वर्गणी काढली, बचत गटातल्या बायकांनी दीड महिना आमच्या गाईंच्या धारा काढल्या, शिक्षकांनी एका दिवसाचा पगार दिला. गणेशोत्सवात मुलाला चाकाच्या खुर्चीवर मंचावर बसवून सत्कार केला. पाहुण्यांनी अपघातात पाय गमावूनही पुन्हा नाचलेल्या नर्तिका सुधा चंद्रन यांची गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून तो घराबाहेर पडत नाही. आता काठी घेऊन चालतो, पण वाचलेले विसरतो, एक धडा वाचला की झोपतो, भांडे पडले तरी बहिणीवर ओरडतो. ‘गावाचे एवढे पैसे माझ्यावर गेले, नापास झालो तर तोंड कुठे दाखवू,’ असे म्हणतो. लोक म्हणतात, पाय बरा झाला, आता लाड पुरे. परीक्षा फेब्रुवारीत आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचे पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हाती आले, म्हणून ज्या गोष्टीला मुदत आहे ती आधी सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दाखल करायचा असतो, आणि तुमच्या बाबतीत ते सहा महिने याच महिन्याअखेर पूर्ण होत आहेत. पोलिसांचा पंचनामा, प्राथमिक माहिती अहवाल, रुग्णालयातून सुटी देतानाचे कागद आणि औषधांची बिले घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रिया आणि मुले यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गाडी चालवणाऱ्या मित्राकडे परवाना नव्हता म्हणून मागे बसलेल्या तुमच्या मुलाचा टेंपोविरुद्धचा हक्क बुडत नाही. पुढे लागणारे उपचार आणि शिक्षणाचे झालेले नुकसान यांचाही विचार अशा दाव्यात होत असल्यामुळे, गावाने मदत केली तेव्हा आता दावा कशाला, असा संकोच बाळगू नका.

आता मुलाविषयी. ‘पाय बरा झाला’ हे लोकांचे म्हणणे पायापुरते खरे मानता येईल. मांडीचे हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि मांडीचे स्नायू पुन्हा भरायला त्याहून अधिक काळ जातो, तरी त्याची प्रगती काठीवरून दिसते. मेंदूच्या इजेचे तसे नसते. पाच दिवसांची बेशुद्धी ही मोठी इजा होय. अशा इजेनंतर पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते, परंतु दोन वर्षे आणि त्यानंतरही चालू राहू शकते. थोड्याशा वाचनाने गळून जाणे, नवे लक्षात न राहणे, आवाज आणि उजेड सहन न होणे, पूर्वी जो राग गिळता येत असे तो आता न गिळता येणे, ही सगळी त्या इजेची नेहमी आढळणारी लक्षणे आहेत. राग आवरण्याचे आणि कामाची आखणी करण्याचे काम मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणूनच या वयातील इजेचे काही परिणाम अभ्यासाचा भार वाढतो तेव्हाच प्रथम जाणवतात. त्यामुळे मुलगा ओरडतो तेव्हा तो आळशी किंवा उद्धट झाला आहे असे धरून चालू नका. त्याच वेळी बहिणीलाही हे शांतपणे समजावून सांगा, कारण अशा घरात धाकट्यांचे ऐकायला कोणाला सवड नसते.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना स्मरण, झोप आणि मनःस्थिती यांबद्दल मुद्दाम विचारा, कारण तेथे बहुधा पायाचीच चौकशी होते. झटके (फिट) येऊ नयेत म्हणून दिलेली गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. झटका आला, डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही तो बोलला तर तेही तितक्याच तातडीचे माना. सगळ्या तपासण्या एका छताखाली करून घ्यायच्या असतील तर मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून चालणारी केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे; फिजिओथेरपीबरोबरच रोजच्या कामांचे प्रशिक्षण देणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट तेथे असतात. मात्र रोजचा सराव घरीच करायचा आहे, आणि तो करून घ्यायला माणसे लागणार आहेत.

परीक्षेचा निर्णय मुलाला विचारून घ्या. फेब्रुवारीत बसायचे ठरले तर जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र घेऊन मुख्याध्यापकांमार्फत कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे सवलतीचा अर्ज लगेच करावा. मंजुरी मिळाल्यास लेखनिक आणि ताशी २० मिनिटे जादा वेळ मिळू शकतो. विषय राहिले तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे. एवढा ताण नको असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नाव नोंदवून पाच वर्षांच्या मुदतीत थोडे थोडे विषय देता येतात. माझे स्वतःचे मत विचाराल तर, एक वर्ष मागे पडलेला मुलगा पुढे कोणाच्या ध्यानातही राहत नाही; पण थकलेल्या मेंदूला रात्रीची जागरणे करायला लावली तर हाती येत असलेली सुधारणा अडते. अभ्यास वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत व्हावा, मध्ये विश्रांती असावी, आणि आठवणीवर भिस्त न ठेवता सारे एका वहीत लिहिण्याची सवय लागावी.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते मुलाचे ‘गावाचे पैसे’ हे शब्द. गावाने जे केले ते मनापासून केले, यात शंका नाही. परंतु वर्गणी एकदा निघते, तिची यादी होते, आणि घेणाऱ्याचे नाव कायमचे घेणाऱ्याच्या रकान्यात राहते. सत्काराच्या मंचावर त्या मुलाला हाच रकाना दिसला असावा. शिवाय त्याला सांगितलेली गोष्टही अर्धीच होती. सुधा चंद्रन यांचा अपघात १९८१ च्या मे महिन्यातला, आणि जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या तो १९८४ चा जानेवारी. मधल्या अडीच वर्षांहून अधिक काळातली वेदना आणि पुन्हा पुन्हा कोलमडणारा सराव भाषणात येत नाही. अपघातानंतर जेमतेम तीन महिने झालेल्या मुलाला ही गोष्ट ऐकवली तर त्याच्या कानी ‘लवकर उठ’ एवढेच पडणार. त्यातही त्यांची इजा पायाची होती. विसरणाऱ्या मेंदूला तिचे माप लावता येत नाही.

आपल्याकडे शेतीत वर्गणीहून जुनी अशी सावडीची रीत आहे. आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या. तेथे कोणी दाता नसतो, प्रत्येकाची पाळी येते. मंडळाच्या पोरांना बोलावून सांगा की आता पैसे नकोत, पाळ्या हव्यात. आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीला गाडीने नेणारा एक, संध्याकाळी अर्धा तास गणिताला बसणारा एक, आणि तुम्ही चार तास झोपावे म्हणून घरी थांबणारी एखादी काकू. पाळ्यांचा कागद भिंतीवर लावा आणि त्यात मुलाचीही एक पाळी ठेवा. त्याला काय आवडत असे, हे पत्रात नाही. अक्षर चांगले असेल तर वाचनालयाच्या पुस्तकांना नव्या चिठ्ठ्या लिहून देणे, लहानग्यांना चित्रे काढून देणे असे बसून, आपल्या वेगाने करता येणारे काहीही चालेल. त्याने ते चुकवले, मध्येच सोडले, तरी बोलू नये. सावडीत एखादी पाळी चुकते, ती पुढे फेडली जाते. उरलेल्या वर्गणीचा हिशेब मात्र मंडळाने ग्रामसभेत ठेवून ते प्रकरण मिटवावे, आणि तेव्हा मुलाला तेथे बसवू नये.

राहिला तो मित्र. त्याच्या घरी तुम्ही स्वतः जा. तो पोरगा येत नाही यामागे बेफिकिरी असेल असे मला वाटत नाही; तुमच्या दाराशी येऊन काय बोलावे, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कोणी शिकवलेले नसते. तुमच्या मुलाची तयारी असेल तर गणिताची पाळी त्यालाच द्या. दोघांनीही गाडी मात्र तूर्त लांबच ठेवावी. मुलाच्या डोक्याला दुसरा मार बसणे पहिल्याहून महाग पडू शकते.

प्रश्न : आमच्या गल्लीतला असाच एक मुलगा रुग्णालयातून घरी आला आहे. भेटायला गेलो की काय बोलावे सुचत नाही आणि आम्ही लवकर उठतो. — तरुण मंडळाचा कार्यकर्ता, सोलापूर

उत्तर : लवकर उठता हे चांगलेच आहे, पंधरा मिनिटे पुरेत. एका वेळी दोघांनीच जा, दूरदर्शन संच बंद करा आणि एका वेळी एकानेच बोला. ‘ओळखलंस का मला?’ अशी परीक्षा घेऊ नका, आपले नाव सांगून बसा. प्रकृतीची चौकशी आईवडिलांकडे करा. त्याच्याशी कालच्या सामन्याबद्दल बोला, आणि उत्तर यायला वेळ लागला तर वाक्य तुम्ही पुरे करू नका. निघताना पुन्हा कधी येणार तो वार सांगा आणि त्या वारी जा.